कान कोणाचे?

वास्कोहून सुटणाऱ्या गाडीत एक तरुण इअरफोन लावून बसला होता. त्याचे गाणे समोरच्या बाकावर मलाही ऐकू येत होते. आवाज कमी करण्यास सांगितले, तर तो म्हणाला, "काका, कान माझेच आहेत ना?"

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा सांगितली: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. फोन इशारा देतो. पण तो बाजूला सारता येतो.

प्रिय वाचकहो, उद्या म्हातारी आई हळूच हाक मारील, लेकरू कानात गुपित सांगेल. त्यांच्या वाट्याचे ऐकणे आजच उधळावे काय? कान ही आपल्याजवळची ठेव आहे, मालकी नव्हे.