तपासणीचे पैसे



हायवेवर बंद पडलेली गाडी टो करून गॅरेजात पोचली की मेकॅनिक सांगतो, दुरुस्ती करा अथवा करू नका, तपासणीचे पैसे पडतील. ‘नुसते बघायचे पैसे?’ असे तुमच्या मनात येते ना?

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना ओबीडी-टू पोर्ट असते. रीडर लावला की कोड मिळतो. पण पी०३३५ एवढेच सांगतो की क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. सेन्सर गेला, वायर तुटली की कनेक्टर सैल झाला, हे माणसालाच शोधावे लागते. आपण बग शोधण्याचे तास बिलात लावतोच (सापडला नाही तरी!). मग हात काळे करणाऱ्याची बुद्धी फुकट का? ही उतरंड आपल्या ओळखीची आहे.

एस्टिमेट लेखी मागा, बदललेला पार्ट दाखवायला सांगा. पण तपासणीच्या पैशांत घासाघीस करू नका.