कच्चे मडके आणि बोलके यंत्र

तेरढोकीस गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता, त्यांतील कच्चे मडके कोणते हे थापटण्याने पाहण्याचे ठरले, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? एकेकाच्या मस्तकावर थापटणे पडले. सारे स्वस्थ राहिले. एकटे नामदेव चिडले, आणि मडके कच्चे ठरले. तो अपमान जिव्हारी लागून नामदेव अखेर औंढा नागनाथास विसोबा खेचरांपाशी गेले, असे परंपरा सांगते. वर्गात ही कथा मी कित्येक वर्षे सांगत आलो. परंतु गोरोबांची परीक्षा तर्कदृष्ट्या लंगडी असेल, अशी शंका मला गेल्या वर्षापर्यंत शिवली नव्हती.

ती शिवण्यास एका विद्यार्थ्याचा निबंध कारण झाला. विषय नामदेवांच्या या अपमानाचाच होता. औंढ्याच्या वाटेवरील नामदेवांच्या मनाची घालमेल त्यात अशी उतरली होती की, मी तो घरी सर्वांस मोठ्याने वाचून दाखविला, आणि वाचता वाचता माझे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी मुलाची पाठ थोपटली, तेव्हा त्याने प्रांजळपणे सांगितले की, निबंध त्याचा नव्हे. संगणकातील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेला आहे. त्याच्यावर रागवावयाचे मला सुचलेच नाही. ज्या अपमानाने मी गहिवरलो, तो तेथे कोणासच झालेला नव्हता. मग माझे अश्रू तरी कोणासाठी होते?

ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली ‘माइंड’ या त्रैमासिकात जी कसोटी सुचविली, तिला थापटण्याचीच जात म्हणावयास हरकत नाही. यंत्र विचार करते काय, हा प्रश्न त्याने संदिग्ध म्हणून बाजूस सारला. आणि दृष्टीआड असलेल्या यंत्राशी व मनुष्याशी लेखी संभाषण करून त्यांतील यंत्र कोणते हे परीक्षकास ओळखता येते काय, एवढेच पाहावे असे म्हटले. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. शेजाऱ्यास मन आहे हे तरी आपण त्याच्या बोलण्याचालण्यावरूनच ताडतो ना? परंतु आजची बोलकी यंत्रे अपार लिखाण पचवून, मागील शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे गणित करीत वाक्य पुढे नेतात. पैठणास रेड्यामुखी वेद वदविले गेले, ते ज्ञानेश्वरांचे सामर्थ्य मानले गेले. रेड्यास वैदिक समजून कोणी दक्षिणा दिल्याचे ऐकिवात नाही!

या वादात आपली जुनी दर्शने फार उपयोगी पडतात, असे मला वाटते. सांख्यांच्या मते बुद्धी ही प्रकृतीचेच कार्य, म्हणजे जड; निश्चय करणे हा तिचा धर्म. चैतन्य ते पुरुषाचे. तेव्हा जडास बुद्धी असणे यात सांख्यास अचंबा वाटण्याचे कारण नाही. त्याचे उदाहरण औंढ्याच्या परिसरातच लवकर पाहावयास मिळेल. तेथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची असून, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा कंप प्रथम टिपला. हा कंप आकाशातला आणि हा उपकरणाचा नुसता खडखडाट, अशी निवड करण्यास तेथे शिकविलेली यंत्रे साहाय्य करतात. हा निश्चयच नव्हे काय? पण त्या यंत्रास जाणीव आहे की नाही, असे कोणी विचारीत नाही. कारण ते गोड बोलत नाही. आपली फसगत होते ती भाषेमुळे.

येथे विसोबा आडवे येतात. नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या त्या वृद्धास नामदेवांनी हटकले, तेव्हा देव जेथे नसेल तेथे माझे पाय ठेव, असे तो म्हणाला. आणि पाय जेथे ठेवावे तेथे पिंडी दिसू लागली. मग यंत्र तेवढे चैतन्यावाचून कसे? आक्षेप बिनतोड आहे. परंतु त्याने यंत्रास जे मिळते तेच उंबरठ्याच्या दगडासही मिळते. तेवढ्याने यंत्र निबंधाचे कर्ते ठरत नाही.

गोरोबांच्या थापटण्याखाली यंत्र मुळीच चिडणार नाही, आणि पक्के ठरेल. चिडून दाखव म्हटले तर तेही उत्तम साधेल. नामदेव कच्चे ठरले, कारण तेथे दुखावयास कोणी होते. त्या दुखण्याने त्यांचे पाय औंढ्याकडे वळले. यंत्रासही शिकविताना चुका मोजून त्याच्या आतील आकडे बदलले जातात. त्या फेरबदलास लाज म्हणावयास माझे मन धजत नाही. कोणी म्हणेल तर त्यास खोटे पाडण्याचे साधनही माझ्यापाशी नाही.

त्या मुलास मी निबंध पुन्हा लिहावयास सांगितले. त्याने दोन पाने आणली. भाषा ओबडधोबड, ऱ्हस्वदीर्घाची दैना, आणि नामदेवांविषयी लिहिता लिहिता तो मध्येच दहावीत नापास झाल्याच्या दिवसाकडे वळलेला. मी तांबड्या शाईने चुका दाखवू लागलो, तसे त्याचे कान लाल झाले. गुण किती द्यावे हे अजून ठरलेले नाही.