सुळ्यांची साक्ष

‘आपल्याला सुळे आहेत, म्हणजे मांस-मासे खाणं नैसर्गिक.’ ‘आपल्या दाढा गाईसारख्या सपाट, म्हणजे माणूस मूळचा शाकाहारी.’ ऑफिसात जेवताना हा वाद अधूनमधून पेटतोच. मी पापडीहून डब्यात सुकट नेली की जरा लवकर.

दात पुष्कळ काही सांगतात, हे खरंय. गाईच्या वरच्या जबड्याला पुढे दातच नसतात, कडक हिरडी असते. जिभेने गवत ओढून, खालच्या दातांनी त्या हिरडीवर दाबून ती ते तोडते आणि जबडा आडवा फिरवत दळते. मांजरीचा जबडा असा आडवा फिरत नाही. मासळीबाजारात टपून बसलेल्या मांजरीला तुकडा मिळाला की बघा: मान तिरकी करून बाजूच्या दातांनी कात्रीसारखा कापते आणि गिळते.

पण गाईचे दात ३२, आपलेही ३२. आणि गोरिलाचे सुळे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे असूनही तो मुख्यतः झाडपाला खातो. नरांना ते धाक दाखवायला लागतात. पांडा तर मांसभक्षक गणातला, आणि खातो बांबू. आपलं अर्धं चावणं विळी आणि चूल आधीच उरकतात.

म्हणजे आपले दात दोन्ही पक्षांचे कच्चे साक्षीदार. मांजरीला मांसाशिवाय पर्याय नाही. टॉरिन हे द्रव्य तिला पुरेसं बनवता येत नाही. आपल्याला पर्याय आहे, म्हणून तर प्रश्न आहे. ‘आहे’वरून ‘असावं’ निघत नाही, हे ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवलंय.

गेल्या वर्षी भाड्याने घर शोधताना एका सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी मला हेच दाढांचं शास्त्र ऐकवलं आणि मासे खाणाऱ्यांना जागा देत नाही म्हणाले. मी गोरिला काढला नाही. माझे दात कसेही असते, तरी मला घर नाकारायला ते कारण कसं ठरतं?

डब्यातला शाकाहारी मित्र मात्र कधीकधी दात सोडून सरळ विचारतो, ‘पण जीव जातो, त्याचं काय?’ यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. सुकट अजून खातो. त्याच्याशी वाद घालायला मी शेवटचा घास संपला तरी बसून राहतो.