उचल

वर्गात कोणाचं खोडरबर हरवलं की बाई म्हणतात, "दप्तरं उपसा." सगळी दप्तरं उपसली जातात, पण एकदम नाही. आधी कोणाचं आणि शेवटी कोणाचं, हा क्रम हजेरीपटावर लिहिलेला नसतो. पोरांना तो तोंडपाठ असतो.

ज्याचं दप्तर सगळ्यात आधी उपसलं, त्याच्याकडे बरेचदा काहीच सापडत नाही. ते पोरगं मान खाली घालून वह्या परत भरतं. त्याचं काय गेलं, हे कोणी शोधत नाही.

दर १ ऑगस्टला शाळाशाळांतून पोरं टिळकांवर भाषणं करतात, शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात, टाळ्या पडतात. त्यांच्यातल्याच एकानं २ ऑगस्टला म्हणून बघावं, की मी घेतलं नाही, मी दप्तर दाखवणार नाही. स्वाभिमान पाठ करायला हरकत नसते.

ही शाळा वाटूरची समजा. वाटूर परतूर तालुक्यात येतं, जालन्याहून मंठ्याकडे जाताना. दिवाळी सरली की ऊसतोडीपायी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा, कारखाना सांगेल त्या फडात. काही पोरं बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात.

आपली भाषा कधीकधी फार निर्दय होते. बाप घेतो ती उचल, आणि पोरगं करतं तेही उचलणंच. बापाच्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, तो कधी ना कधी फिटतो. पोरानं काय उचललं, याचा हिशेब गावाच्या तोंडात राहतो.

पोराची पहिली चोरी बहुधा घरातलीच असते. वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग पडलेला. मूठभर कापूस खिशात घालायचा, दुकान गाठायचं, दोन गोळ्या घ्यायच्या. दुकानदार विचारत नाही, आईनं दिला का म्हणून. कापूस मुळात हलका, पोराच्या हातून तर तो फारच हलका भरतो.

लहान लेकराला चोरी कोणी शिकवत नाही, असं म्हणतात. शिकवत नसेलही. विकत मात्र घेतं. शिक्षक आणि आजी अशा चोरीवर बोलायला बसतील तेव्हा एक बसकर दुकानदारासाठीही अंथरावं. तो येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

'माझं' हा शब्द पोराला दुसऱ्या वर्षी येतो. 'तुझं' कळायला शाळा लागते. सहा वर्षांचं पोरगं म्हणतं, "मी घेतलं." शुद्धलेखन तपासावं तसं आपण ते दुरुस्त करून देतो, "घेतलं नाही, चोरलं म्हण."

कायद्याला हे आपल्या आधी कळलं होतं. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८२ सांगत होतं, की सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २० तेच सांगतं. पण दंड संहिता करणाऱ्या त्याच इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमातींवर जन्मापासूनच शिक्का मारला. अकरा वर्षांच्या अंतरानं केलेले हे दोन कायदे. एक म्हणतो, लेकराला गुन्हा करताच येत नाही. दुसरा म्हणतो, हे लेकरू गुन्हेगारच जन्मलं. दुसरा कायदा १९५२ साली रद्द झाला, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळला जातो. दप्तरं उपसण्याचा क्रम मात्र रद्द करायचा राहिला.

लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं. गावानं फेकून मारलेला शब्द त्यांनी पुस्तकाच्या पाठीवर लावला, आणि पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोठा माणूस शब्द असा उलटवू शकतो. पहिलीतलं पोरगं तो अंगावर घेऊन घरी जातं.

शिक्षक म्हणतात, "तुमच्या पोरानं." आजी म्हणते, "माहं लेकरू असलं करणार नाही, साळंतच कोणाचं तरी पाहून शिकलं असंल." पोर पहिलं आलं की दोघांचं. चोरी केली की समोरच्याचं.

जुना करार होता. बाप पोराला शाळेत आणून सोडायचा आणि सांगायचा, हाडं आमची, मास तुमचं. शाळा आणि घर यांच्यातलं एवढं पक्कं सहकार्य पुन्हा झालं नाही. दुर्दैवानं ते मारण्यापुरतं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं तो करार मोडला. १ एप्रिल २०१०पासून शाळेत शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळही नाही. मास सुटलं. त्या जागी काय द्यायचं-घ्यायचं, हे ठरायचं आहे.

त्याच कायद्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगतं. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. चांगली तरतूद आहे. शार्पनरची चोरी मात्र या समितीपुढे जाऊ नये. जिथं ठराव लिहिला जातो, तिथं लेकराचं नाव लिहिलं जातं.

आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. "वर्गात वस्तू हरवत आहेत, पालकांनी लक्ष द्यावे." एवढंच लिहिलेलं असतं, नाव नसतं. पाच मिनिटांत सगळ्या गावाला नाव कळतं.

बोलावलेला बाप कधी शाळेच्या दारातच पोराला हाणायला लागतो. तो मार पोरासाठी नसतो. तो मास्तरांना दाखवायचा असतो, की आम्ही चोर नाही. अशा वेळी मास्तरांनी बापाचा हात धरावा, आणि तो धरताना बापाला कमीपणा वाटणार नाही असं काहीतरी बोलावं. शिक्षक-पालक सहकार्य शिकवायचं असेल तर ते या एका क्षणात शिकवून होतं. प्रशिक्षणाचे बाकीचे तास चहापाण्याला ठेवायला हरकत नाही.

ज्याचं उत्तर ठाऊक आहे तो प्रश्न पोराला विचारू नये. खिशात शार्पनर दिसतोय आणि आपण विचारतो, "तू घेतलास का?" चोरी त्यानं केली होती. खोटं बोलायला आपण लावलं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतली तीन-चार वर्षांची मुलं तपासली, २०११ साली ते प्रसिद्ध झालं. एका शाळेत चुकीला छडी आणि चापट्या होत्या, दुसरीत नुसती समज. दोन्हीकडच्या मुलांना सांगितलं, मागं वळून खेळणं बघायचं नाही. मुलंच ती, दोन्हीकडची बहुतेक वळली. पण छडीच्या शाळेतली वळलेली जवळजवळ सगळी खोटं बोलली, आणि सफाईनं बोलली. छडीनं चोरी थांबते की नाही, सांगता येत नाही. वकिली मात्र तयार होते.

आपण पोराला गोष्ट सांगतो ती फाशीच्या चोराची. शेवटची इच्छा म्हणून तो आईला जवळ बोलावतो आणि तिचा कान चावतो, पहिल्या चोरीला तू का नाही अडवलंस म्हणून. गोष्ट जोरदार आहे. पण त्यात आईचा कान जातो, चोराचा जीव जातो, आणि ऐकणाऱ्या पोराला चोरी केल्यावर परत यायची वाट काही दिसत नाही.

याच कांग ली यांच्या गटानं २०१४ साली आणखी एक प्रयोग मांडला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या. लांडगा आला रे आला, लाकडी पिनोकियोचं वाढणारं नाक, आणि चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केल्यावर बापानं जवळ घेतलेला लहानगा वॉशिंग्टन. खोट्याची शिक्षा सांगणाऱ्या गोष्टींनी मुलं जास्त खरं बोलली नाहीत. खऱ्याचं कौतुक करणाऱ्या गोष्टीनं बोलली.

आपल्याकडे तर ही गोष्ट घडलेली आहे. पंधरा वर्षांच्या मोहनदास गांधीनं भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा काढला, पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला. मग चिठ्ठी लिहून आजारी बापाच्या हाती दिली. बापानं वाचली, तो रडला, चिठ्ठी फाडून टाकली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, त्यातल्या एका प्रकरणाचं नावच 'मोठा होण्यासाठी चोरी'. त्या नावात 'मोठा होण्यासाठी' आधी येतं आणि 'चोरी' नंतर. हा क्रम शिक्षकाचा आहे. गुरुजी अमळनेरला शिक्षकच होते.

पण कबुली द्यायला समोर माणूस लागतो. मोहनदासचा बाप अंथरुणाला खिळलेला का होईना, घरात होता. वाटूरच्या, आजीपाशी राहिलेल्या पोराचा बाप फडात आहे. चिठ्ठी लिहिली तरी द्यायची कोणाला? आजीला वाचता येत नाही.

सरकारनं हंगामी वसतिगृहाची योजना काढली. मायबाप ऊसतोडीला गेले तरी पोरांनी गावातच राहावं, शाळा सुटू नये, जेवण मिळावं. जेवणाची सोय होते. हक्कानं रागवायची सोय कोणत्याही योजनेत बसत नाही. ती शिक्षकानं पदरची करायची असते.

म्हणून मायबापाला फोन. तोही दुपारी नाही, तेव्हा हातात कोयता असतो. संध्याकाळी, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, चूल पेटल्यावर. आई फोन घेते. शिक्षक चोरीचं काही बोलायच्या आतच ती विचारते, "किती भरावं लागंल, सर?" उचलीवर जगणाऱ्या माणसाला प्रत्येक फोन वसुलीचा वाटतो.

शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा. तो सगळ्यांना आवडतो, कारण वाचताना शेजारी आठवतात. त्याच्या लगेच पुढचा समास उत्तमलक्षणांचा आहे, पण तिथवर सहसा कोणी पानं उलटत नाही. शाळेतून घरी जाणाऱ्या तक्रारीही पहिल्या समासातच संपतात. कोपीवरच्या फोनवर हे दोन समास उलटे वाचावेत. आधी सांगावं, पोरगं बाराचा पाढा न अडखळता म्हणतं. मग शार्पनर.

गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन जायच्या. रोज जायच्या. लोणी गेल्याचं दुःख होतंच, पण गाऱ्हाण्याच्या निमित्तानं त्यांना ते पोर पुन्हा डोळ्यांनी बघायचं असायचं. तक्रार करायला निघालेल्या शिक्षकानं वाटेत स्वतःला एवढंच विचारावं, मला पोर बघायचंय की लोणी मोजायचंय?

चोरलेला शार्पनर परत देता येतो. खाल्लेला बिस्किटाचा पुडा परत देता येत नाही. पोरांच्या चोऱ्या बहुतेक खाण्याच्या असतात, आणि त्याचं कारण शोधायला मानसशास्त्र लागत नाही. अशा वेळी भरपाई काय, हे ठरवायला दोन मोठी माणसं लागतात. एक शाळेतलं, एक घरचं. एकट्या शाळेनं ठरवली तर ती शिक्षा होते. एकट्या घरानं ठरवली तर झाकपाक.

समजा, आजी आणि बाई मिळून ठरवतात. जानेवारीचे दिवस आहेत, पैसे नाहीत, बांधाला बोरी आहेत. दुसऱ्या दिवशी पोरगं आजीबरोबर येतं. तिच्या पदराच्या ओच्यात बोरं. ज्याचा पुडा गेला त्याच्या हातात पोरगं पहिली ओंजळ ठेवतं. काय बोलायचं ते आजीनं रात्री घोकून घेतलेलं असतं, ऐन वेळी त्यातलं एकच अक्षर फुटतं, "घे." बाई तेवढ्यावर भागवतात. उरलेली बोरं वर्गभर फिरतात, सगळ्यात शेवटी बाईंकडे येतात, त्याही एक तोंडात टाकतात. आजी दारातूनच माघारी वळते, तिला रोजानं जायचं असतं.

मधली सुट्टी संपते तेव्हा फरशीवर सगळीकडे बिया. कोणी टाकल्या, हे बाई विचारत नाहीत. कोपऱ्यातला झाडू त्या स्वतःच उचलतात.