टेप, चात आणि हरवलेला पीळ

सूतगिरणीच्या देखभाल खात्यात मला सगळ्यांत जास्त काळजी लावली ती चाती फिरवणाऱ्या टेपने. रिंग फ्रेमवर साधारणपणे एक अरुंद टेप चार चाती फिरवते आणि जॉकी पुली तिला ताणून धरते. पुढचे रोलर मात्र दातेरी चक्रांवर चालतात, त्यांचा हिशेब चुकत नाही. टेपचा चुकतो. समजा, चातीने मिनिटाला १५,००० फेरे घ्यायचे आणि रोलरने ७५० इंच सूत सोडायचे, म्हणजे इंचाला २० पीळ. चात ३ टक्के मागे पडली की पीळ १९.४ वर येतो.

‘टेप घसरते, घट्ट करा’ हा खात्यातला ठरलेला उपाय. पण हे मागे पडणे दोन जातींचे असते, आणि त्यांतली एक घट्ट करून जात नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्येच तिचे कारण मांडले होते. पट्ट्याची एक बाजू जास्त ताणलेली असते, दुसरी कमी; या फरकामुळेच तर पुली फिरते. ओढणाऱ्या पुलीवर पट्टा ताणलेला चढतो आणि आखडत उतरतो, म्हणून तिच्यापेक्षा थोडा मंद होतो. फिरवल्या जाणाऱ्या पुलीवर तो सैल चढतो, लांबत उतरतो आणि ती पुली त्याच्या मागे राहते. लवचीक पट्ट्यावर भार आला की हे होणारच. पट्टा कितीही आवळला तरी तेवढ्याच भाराला दोन बाजूंतला फरक तेवढाच राहतो, म्हणून सरकणेही जवळपास तेवढेच. फक्त बेअरिंग जास्त तापते आणि वीज जास्त जाते. कमी लांबणारा पट्टा घेतला तर मात्र फरक पडतो. नायलॉनचा गाभा असलेल्या टेपचा हा मोठा गुण.

खरे घसरणे वेगळे. टेपला तेल लागले, कापसाची फ्लाय साचली, जॉकी ढिली पडली, की पकड सुटते. तिथे साफसफाई हवी, योग्य ताण हवा.

माझ्या मते गिरणीला जास्त नडते ते हेच घसरणे. सगळ्या चाती सारख्या मागे असतील तर ट्विस्ट व्हील, म्हणजे रोलर आणि चात यांच्या वेगांचे प्रमाण ठरवणारे चक्र, बदलून पीळ भरून काढता येतो. एकच चात मागे असेल तर तिचे कमी पिळाचे बॉबिन चांगल्या बॉबिनांत मिसळते. मग विणताना तो धागा तुटतो, नाहीतर कापड रंगवल्यावर त्याचा पट्टा वेगळा उठतो. तोवर ते सूत कुठल्या चातीचे, हे शोधायला कोणी उरलेले नसते.

म्हणून फिटर मित्रांना माझे सांगणे आहे: पाना उचलण्याआधी स्ट्रोबोस्कोप घ्या. बॉबिन भरत आलेले असताना, पूर्ण भारावर, एकेका चातीचा वेग तपासा. सगळ्या सारख्या मागे असतील तर टेपला हात लावू नका.