संमती, दान आणि डायल-अपची तबकडी

माणसाने 'हो' म्हटले म्हणजे त्याने संमती दिलीच असे मानता येते का, या प्रश्नाची चर्चा भारतीय धर्मशास्त्रात दानाच्या संदर्भात आणि पाश्चात्त्य नीतिचिंतनात कराराच्या संदर्भात शतकानुशतके होत आली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हाच प्रश्न अमेरिकेतील लक्षावधी घरांत एका नव्याच रूपाने शिरला. त्या काळी घरातल्या साध्या टेलिफोनच्या तारेवरूनच इंटरनेट मिळे. मोडेम नावाचे उपकरण सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा क्रमांक फिरवी, पलीकडच्या यंत्राशी कर्कश सुरांत बोलणी करी आणि मग जोडणी होई. या पद्धतीला डायल-अप म्हणत. जोडणीसाठी लागणारे सॉफ्टवेअर बहुधा कंपनीच देई आणि त्याच्या सोबतीने ग्राहकाने न मागितलेली बरीच साधनेही त्याच्या संगणकात उतरवी. या सॉफ्टवेअरविषयी ग्राहकांचा जो संताप उसळला, त्याच्या मुळाशी गैरसोयीपेक्षा खोल अशी एक वेदना होती, ती अशी की काही दिले जात आहे असे भासवून आपल्याकडून काही घेतले गेले.

अमेरिका ऑनलाइन, म्हणजेच एओएल, ही कंपनी या व्यवहाराचे सर्वांत ठळक उदाहरण होय. 1993 पासून तिने आपले सॉफ्टवेअर फुकट वाटण्याची प्रचंड मोहीम चालवली. प्रथम फ्लॉपी आणि पुढे सीडी टपालाने घरी येत, मासिकांबरोबर येत, आणि त्यांवर अमुक इतके तास मोफत असल्याचे ठळक अक्षरांत छापलेले असे. मोफत तास संपल्यावर, 1995 च्या दरांनुसार, महिन्याला 9.95 डॉलरमध्ये 5 तास आणि पुढच्या प्रत्येक तासाला 2.95 डॉलर असा हिशेब सुरू होई. डिसेंबर 1996 मध्ये कंपनीने दरमहा 19.95 डॉलरला अमर्याद वापर देऊ केला, तेव्हा मागणी इतकी उसळली की क्रमांक फिरवणाऱ्याला पुनःपुन्हा 'एंगेज'चाच सूर ऐकू येई, आणि जानेवारी 1997 मध्ये अनेक राज्यांच्या महान्यायवाद्यांशी समझोता करून कंपनीला परताव्याची तयारी दाखवावी लागली. मात्र एंगेज लागणाऱ्या फोनमधला दोष सरळ आहे. जे विकले ते पुरवता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. सॉफ्टवेअरमधला दोष इतका सरळ नसल्यामुळे त्याच्यापाशी अधिक थांबावे लागते.

धर्मशास्त्राच्या परिभाषेत वस्तूवरील स्वतःच्या मालकीची, म्हणजे स्वत्वाची, निवृत्ती आणि त्याच वस्तूवर दुसऱ्याच्या स्वत्वाची निष्पत्ती, अशा दोन्ही गोष्टी घडल्या तरच दान पूर्ण होते. चालुक्यांच्या कल्याण राजधानीत विज्ञानेश्वराने लिहिलेली आणि महाराष्ट्रात पुढे प्रमाण ठरलेली मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका यासाठी घेणाऱ्याचा स्वीकार, म्हणजे प्रतिग्रह, आवश्यक मानते. बंगालात मान्यता पावलेल्या जीमूतवाहनाच्या दायभाग या ग्रंथाचा कल दात्याच्या त्यागालाच निर्णायक मानण्याकडे आहे. नारदस्मृतीत 'दत्ताप्रदानिक' नावाचे एक व्यवहारपद, म्हणजे तंट्याचा एक प्रकार, आहे. दिलेले परत मागता येते का, हा त्याचा विषय. तिथे 16 प्रकारची दाने 'अदत्त', म्हणजे दिली असूनही न दिल्यासारखी, ठरवली आहेत. भीतीने, क्रोधाने, थट्टेत किंवा छलाने दिलेले, बालकाने, मूढाने वा परतंत्र माणसाने दिलेले, इतकेच काय, घेणारा आपले काही काम करील या अपेक्षेने दिलेलेही त्यात मोडते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही कपटाने केलेले दान आणि कपटाने केलेला प्रतिग्रह या दोहोंसह असा सारा व्यवहार मागे फिरवावा असे सांगितले आहे.

ही मापे लावू पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी असे वाटेल की फुकटची तबकडी हेच ते परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले अदत्त दान. पण हा निष्कर्ष घाईचा ठरेल. अदत्त ठरवण्याचा परिणाम असा की दात्याला वस्तू परत मागता येते, आणि तबकडी परत मागण्याची इच्छा कोणत्याही कंपनीला नव्हती. स्मृतिकारांना काळजी होती ती फसलेल्या दात्याची. तेव्हा या व्यवहारात खरा दाता कोण, हेच आधी ठरवले पाहिजे. तबकडीचे मूल्य जवळजवळ शून्य होते. उलट ती यंत्रात घातल्यावर ग्राहक जे देत होता, म्हणजे आपल्या संगणकाच्या अंतर्गत रचनेवरचा ताबा, क्रेडिट कार्डाचा क्रमांक आणि टेलिफोनची एकुलती एक तार, ते मोलाचे होते. दाता ग्राहक होता आणि प्रतिग्रह कंपनी करत होती. टपालाच्या दिशेवरून दानाची दिशा ठरवल्यामुळे हे कुणाच्या सहज लक्षात आले नाही.

1999 च्या अखेरीस आलेल्या एओएलच्या 5.0 या आवृत्तीने ही गोष्ट उघड केली. सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावरच्या एका चौकटीत विचारले जाई की एओएल ही आपली नेहमीची, म्हणजे डिफॉल्ट, इंटरनेट सेवा करावी का. 'हो' असे उत्तर देणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार अशी की त्यानंतर संगणकाच्या जोडणीच्या मांडणीत असे फेरफार झाले की दुसऱ्या कंपनीच्या सेवेशी जोडणी करणे अवघड किंवा अशक्य झाले. 2000 मध्ये ग्राहकांनी आणि काही प्रतिस्पर्धी पुरवठादारांनीही दावे लावले. त्यांतील एका दाव्यात मागितलेली भरपाई 8 अब्ज डॉलरच्या घरात होती. सॉफ्टवेअरने ग्राहकांनी निवडले तेच केले, असे कंपनीचे म्हणणे होते.

हा बचाव गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण प्रौढ माणसाच्या शब्दाला किंमत न देणे हाही त्याचा अवमानच आहे. परंतु शब्दाला किंमत द्यायची तर तो कशाला उद्देशून उच्चारला गेला हेही पाहावे लागते. 'नेहमीची सेवा' याचा सामान्य अर्थ अनेकांतली पहिली असा होतो, आणि तक्रारी खऱ्या धरल्या तर घडले ते इतरांना दार बंद करणारे होते. प्रश्न एक विचारला आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावले, तर नारदाच्या यादीतील छल आणि मूढत्व ही दोन्ही कारणे एकाच वेळी उपस्थित होतात. मूढत्व इथे बुद्धीच्या उणिवेचे नव्हे, तर पडद्याआडचे यंत्र दिसत नसल्याने आलेल्या अजाणतेपणाचे. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात खोट्या वचनाबद्दल असा विचार मांडला की ज्याला फसवायचे तो फसवणाऱ्याच्या हेतूत सहभागी होऊच शकत नाही, कारण हेतू कळला तर कृती फसते. चौकटीतला प्रश्न या कसोटीवर तपासता येतो. होणारे सर्व फेरफार त्यात लिहिले असते तर किती ग्राहकांनी 'हो' म्हटले असते, याचे उत्तर कंपनीला नकोसे असेल तर मिळालेला होकार संमती या नावाला पात्र नाही.

संमती मागे घेता येणे हाही तिचाच भाग होय. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1748 मध्ये मूळ कराराच्या, म्हणजे राज्यसत्ता प्रजेच्या संमतीतून उपजते या, सिद्धांतावर टीका करताना झोपेत जहाजावर नेलेल्या माणसाचा दाखला दिला. समुद्रात उडी घेण्यावाचून उतरण्याचा मार्गच नसेल तर तो जहाजावर राहिला एवढ्यावरून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणता येणार नाही. डायल-अपच्या ग्राहकाला समुद्र नव्हता, पण खाते बंद करण्यासाठी फोनवर ज्याच्याशी बोलावे लागे त्या कर्मचाऱ्याला ग्राहक टिकवण्याबद्दल बक्षिसी मिळे. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवाद्यांनी याची चौकशी केली आणि 2005 मध्ये एओएलने 12.5 लाख डॉलर देऊन समझोता केला. सोडून जाणाऱ्याला अडवण्यात ज्याचा पगार गुंतलेला आहे, त्याच्याच हाती दाराची किल्ली असणे हा या व्यवस्थेतला, कोणत्याही तांत्रिक बिघाडापेक्षा मोठा, नैतिक दोष होता.

मनुस्मृतीतील त्या विधानात व्यवहार 'मागे फिरवणे' असा जो अर्थ आहे, तो भरपाईपेक्षा व्यापक आहे. भरपाईने पैसे मिळतात. मागे फिरवण्यात वस्तू जशी होती तशी परत येणे अभिप्रेत आहे. संगणकाच्या बाबतीत याचा अर्थ असा की सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर ते येण्यापूर्वीची मांडणी जशीच्या तशी पुन्हा उभी राहिली पाहिजे, ग्राहकाची जुनी जोडणी पूर्वीसारखी लागली पाहिजे, आणि हे काम सॉफ्टवेअर घालणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने केले पाहिजे; त्यासाठी ग्राहकाला संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढावी लागता कामा नये.