आईचा अर्ज, सरकारचा खटला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. पण एखाद्याने चढायचं ठरवलंच, तर चढू देतात कुणाला, हे त्या म्हणीत येत नाही. परभणीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करताना कागदांची पिशवी घेऊन समोर बसलेल्या माणसाला मी आधी हेच विचारत आलो: यात तुमचा संबंध काय? जमिनीचा दावा असला की सातबारा, फेरफार, वारसाचा दाखला यांतून उत्तर निघतं. माणूसच गेला असेल तर मात्र अवघड होतं. ज्याचं सगळ्यात मोठं नुकसान झालं तोच दावा सांगायला उरलेला नसतो.

जिंतूर तालुक्यातली एक बाई आठवते. शेतात तुटून पडलेल्या विजेच्या तारेने तिचा धाकटा भाऊ गेला होता. आईबाप आधीच वारलेले, त्याला हिनेच वाढवलेलं. असा मृत्यू झाला तर भरपाई कुणी मागायची, हे अजून १८५५ च्या कायद्यावर ठरतं. त्या कायद्यात नवरा, बायको, आईबाप आणि लेकरं बसतात. बहीण बसत नाही. मयताच्या मिळकतीचं नुकसान झालं असेल तर ते वारस म्हणून मागता येतं, पण रोजंदारीवर जाणाऱ्या पोराची मिळकत ती काय असणार? तोच पोरगा एसटीखाली सापडला असता तर गोष्ट वेगळी होती. मोटार अपघाताच्या दाव्यात भावंडंही येऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच गुजरात एसटीच्या प्रकरणात सांगितलं आहे. मी हे सगळं समजावून सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "साहेब, म्हणजे तो कशानं मेला त्यावर मी त्याची कोण ते ठरणार का?" यावर मी काही बोललो नाही. कायद्याचं उत्तर "हो" असंच होतं.

आईच्या बाबतीत ही अडचण येत नाही. आईचा हक्क कुठलाच कायदा नाकारत नाही. म्हणून मला वाटायचं, निदान आईचा प्रश्न तरी सुटलेला आहे. आमच्याच जिल्ह्याशी जोडलेली दोन प्रकरणं पाहिल्यावर तसं वाटेनासं झालं.

पहिलं ख्वाजा युनूस याचं. हा परभणीचा इंजिनियर, वय २७. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये पोटा कायद्याखाली त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. कोठडीत त्याला मारहाण झाली, असं त्याच्याबरोबर अटकेत असलेल्यांनी सांगितलं. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. घरच्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे तपास सीआयडीकडे गेला. दुसरं प्रकरण सगळ्यांच्या ताज्या आठवणीतलं. १० डिसेंबर २०२४ ला परभणी रेल्वे स्टेशनसमोर, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि मग धरपकड. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला, न्यायालयीन कोठडीत असताना, तो मरण पावला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला. मारहाण झालीच नाही, असं सरकार म्हणत राहिलं.

सोमनाथची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. प्रकाश आंबेडकर तिचे वकील म्हणून उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार दिल्लीला गेलं आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत पाठवलं. (१९८१ मध्ये खंडपीठ औरंगाबादला आलं नसतं तर या बाईला आधी मुंबई गाठावी लागली असती. कोर्टात जाण्याच्या हक्काची गोष्ट काढताना रेल्वेचं तिकीट विसरून चालत नाही.)

कोर्टाचं दार आपल्याकडे मागच्या पन्नास वर्षांत बरंच रुंद झालं, हे मान्य करायला हवं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि भगवती यांच्या काळात, स्वतःचं काही नुकसान झालं नसलं तरी गरिबासाठी, कैद्यासाठी दुसऱ्या कुणीही यावं, ही वाट खुली झाली. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईतल्या स्त्री कैद्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर १९८३ मध्ये निकाल झाला. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रुळांवर त्याचा मृतदेह सापडला. त्यांचं पत्र हीच याचिका मानली गेली आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई मिळाली. रक्कम आज किरकोळ वाटेल, पण सरकारने नागरिकाचा जीव घेतला तर सरकारनेच भरून द्यावं हे तत्त्व तिथे पक्कं झालं. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्यायचं तर रामदास नायक यांनी माजी मुख्यमंत्री अंतुल्यांविरुद्ध केलेल्या फिर्यादीचं घ्यावं. तू कोण, तुझा संबंध काय, असं फौजदारी कायदा सहसा विचारत नाही, गुन्ह्याची खबर कुणीही कोर्टाला देऊ शकतो, असं १९८४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी त्यात सांगितलं.

मग अडतं कुठे? आत घेतात, पण ओसरीवर बसवतात.

गुन्हा नोंदला गेला, आरोपपत्र आलं, की खटला आईचा राहत नाही. तो सरकारचा होतो. गुन्हा हा साऱ्या समाजाविरुद्ध असतो, म्हणून समाजाच्या वतीने सरकारने तो चालवायचा, हे तत्त्व मला पटतं. नाहीतर पैसेवाल्याने आपला वकील लावून सूड उगवला असता आणि गरिबाला खटलाच परवडला नसता. पण हे तत्त्व आरोपी सरकारचा माणूस नाही असं गृहीत धरतं. कोठडीतल्या मृत्यूत मारल्याचा आरोप पोलिसावर, तपास पोलिसाचा, खटल्याला मंजुरी गृहखात्याची आणि सरकारी वकीलही सरकारनेच नेमलेला.

युनूसच्या प्रकरणात हे एकेक करून दिसलं. सीआयडीने १४ पोलिसांवर खटल्याची शिफारस केली. सरकारने मंजुरी दिली चौघांपुरती. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आईला २० लाख रुपयांची भरपाई ठरवली, पण उरलेल्यांवर खटला भरण्याची तिची मागणी मान्य झाली नाही. २०१८ मध्ये एका साक्षीदाराच्या जबाबानंतर आणखी चार पोलिसांना आरोपी करावं, असा अर्ज विशेष सरकारी वकिलांनी केला आणि थोड्याच दिवसांत त्यांची नेमणूक रद्द झाली. आईला त्यासाठीही पुन्हा उच्च न्यायालयात जावं लागलं. म्हणजे हक्क होता, अर्जही दाखल होत होते, पण खटला कोण चालवणार हे दुसऱ्याच्या मर्जीवर.

कायद्याने यात काहीच केलं नाही असं नाही. २००९ च्या शेवटी लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताच्या व्याख्येत वारस आले आणि आरोपी सुटला तर त्यांना अपिलाचा हक्क मिळाला. तपासापासून पुढे प्रत्येक टप्प्यावर पीडिताचं म्हणणं ऐकायला हवं, हे लखीमपूर खिरीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पण खटल्याच्या रोजच्या कामात पीडिताचा वकील सरकारी वकिलाच्या हाताखालीच राहतो. साक्षीदाराची उलटतपासणी त्याला आपल्या हक्काने घेता येत नाही; पुरावा संपल्यावर कोर्टाची परवानगी काढून लेखी युक्तिवाद द्यायचा, एवढंच त्याच्या हाती. इतर खटल्यांत हे चालून जातं, कारण सरकारी वकिलाला आरोपीला वाचवण्यात काही रस नसतो.

यावर उपाय शोधायला फार लांब जायला नको. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत, पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील खटल्यासाठी देऊ शकतात, अशी सोय आधीपासून आहे. ती कागदावरच राहते अशी तक्रार असते, आणि ती खोटी नाही. तरीही वाट आखलेली आहे. फौजदारी प्रक्रिया हा केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीतला विषय आहे, त्यामुळे राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. कोठडीत मृत्यू झाला असेल तिथे सरकारी वकील घरच्यांच्या संमतीशिवाय नेमू नये आणि त्यांना विचारल्याशिवाय काढू नये, एवढं एक कलम पुरे आहे. परभणी जिल्ह्याच्या चार आमदारांनी, पक्ष कोणताही असो, ही मागणी एकत्र मांडावी. दोन आया या जिल्ह्याशी जोडलेल्या आहेत, म्हणून पहिलं काम या आमदारांचंच आहे.